अण्णांच्या वहीतलं ‘येणे’: कोषागार, बँक आणि सात महिने

६ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी साडेदहाला आईच्या बँकेतून फोन आला. “आजींची हयातीच्या यादीवर सही राहिलीय. घेऊन याल का त्यांना? चालवत नसेल तर आम्ही घरी येतो.” मुलगा अगदी आस्थेनं बोलत होता. आईला जाऊन तेव्हा पावणेदोन महिने झाले होते. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, १३ सप्टेंबरला ती गेली. मी त्याला तसं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, आणि मग हळूच म्हणाला, “ताई, मग कोषागारात कळवलंय का? कारण ऑक्टोबरची पेन्शनसुद्धा जमा झालीय.”

नव्हतं कळवलं. दिवस-वार, मृत्यूचा दाखला, घरातली आवराआवर यात हे काम डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या सात महिन्यांत जे काही झालं त्याची सुरुवात या फोनपासून झाली. ज्यांच्या घरात कुणी सरकारी पेन्शनर आहे किंवा होतं, त्यांच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. मी यात पूर्णपणे नवखी होते आणि मला तेव्हा असं कुणी लिहिलेलं हवं होतं.

आधी थोडं घरचं. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. ३१ मे २००४ ला निवृत्त झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत गेले. त्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. राज्य सरकारी पेन्शनरांचं निवृत्तिवेतन जिल्हा कोषागारातून निघतं आणि बँकेत जमा होतं. दर नोव्हेंबरला कोषागार पेन्शनरांच्या नावांची यादी बँकेच्या शाखेला पाठवतं, आणि आपल्या नावासमोर सही केली की आपण हयात आहोत हे सिद्ध होतं. आई दरवर्षी ठेवणीतली साडी नेसून त्या सहीला जायची. मी पुण्यात असते, दादा मस्कतला. गावच्या घराला आता कुलूप आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार. पहाटेच्या एसटीनं निघून साडेदहाला कोषागाराच्या दारात होते. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे या सात महिन्यांतल्या फेऱ्या तरी हलक्या पडल्या. पिशवीत आईचा मृत्यूचा दाखला, अण्णांचा पीपीओ (म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, घडी पडून तपकिरी झालेला), माझं आधार, पॅन आणि आईचं पासबुक. मनात भीती होती की आता दंड वगैरे सांगतील. पेन्शन शाखेतल्या मॅडमनी पीपीओ पाहिला, रजिस्टर काढलं, कॅलक्युलेटरवर हिशेब केला. सप्टेंबरचे तेरा दिवस आईचे. उरलेल्या सतरा दिवसांचे आणि पूर्ण ऑक्टोबरचे मिळून ३२,६१३ रुपये सरकारला परत करायचे. दंड नाही, व्याज नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “लवकर आलात ते बरं केलंत. लोक वर्ष-वर्ष येत नाहीत, आणि मग रक्कम वाढत जाते.”

पैसे ‘ग्रास’ या सरकारी प्रणालीवर चलन काढून भरायचे होते. चलनावरचं लेखाशीर्ष मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ते स्वतः शोधायच्या फंदात पडू नका, एक आकडा चुकला तरी पैसे भलत्याच खात्यात जातात. आईचं खातं गोठवलेलं असल्यामुळे मी माझ्या खात्यातून १४ तारखेला भरले. चलनाची प्रत घेऊन १८ नोव्हेंबरला पुन्हा गेले. खरं तर ती पोस्टानंही पाठवता आली असती. गेले ते बरं झालं.

कारण पोच देताना मॅडम रजिस्टरमध्ये काही बघत थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमच्या वडिलांचे सातव्या आयोगाचे हप्ते उचलले का तुम्ही लोकांनी?”

मला काहीच कळलं नाही. त्यांनी समोर बसवून समजावलं. राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण वाढलेली पेन्शन प्रत्यक्षात २०१९ पासून मिळू लागली. मधल्या तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरलं. पहिला हप्ता २०१९ मध्ये मिळाला. दुसरा २०२० मध्ये यायचा तो कोरोनामुळे वर्षभर पुढे गेला. अण्णा गेले ते नेमके त्या वर्षात. त्यांना एकच हप्ता मिळाला होता. उरलेले चार त्यांच्या नावावर देय होते, आणि कुणी मागितले नसल्यामुळे दिलेही गेले नव्हते. आईची स्वतःची पेन्शन वेगळी आणि अण्णांची ही थकबाकी वेगळी, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. २०२१ मध्ये आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला आम्ही याच इमारतीत आलो होतो. तेव्हा आम्ही विचारलं नाही, आणि ते गर्दीचे, भयाचे दिवस होते, कुणी सांगितलंही नाही.

मी पैसे परत करायला गेले होते आणि २०,१६० रुपयांचे चार हप्ते येणे आहेत हे ऐकून बाहेर आले. बाहेरच्या बाकावर बसून रडले. रकमेसाठी नाही, अण्णा २०२० मध्ये दर आठवड्याला मला फोनवर विचारायचे, “पेपरात काही आलंय का गं, दुसऱ्या हप्त्याचं?” आणि मी म्हणायचे, “येईल हो अण्णा, कळलं की सांगते.”

त्याच बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, रस्त्याची छोटी कामं घेणारे कंत्राटदार. त्यांची अनामत रक्कम कोषागारात पडून राहिली होती. सलग तीन पूर्ण आर्थिक वर्षं कुणी मागितली नाही, तर अशी ठेव मार्चअखेर ‘व्यपगत’ ठरून सरकारजमा होते. बुडत नाही, पण मग परत देण्यासाठी महालेखापालांची मंजुरी लागते आणि कागद मुंबईला किंवा विदर्भ-मराठवाड्यातला असेल तर नागपूरला जातात. ते गृहस्थ शांतपणे सांगत होते, “माझीच चूक, बिल निघालं तेव्हाच अर्ज करायचा होता.” कंत्राट, लिलाव, कोर्टकज्जा अशा कोणत्याही निमित्तानं सरकारात अनामत भरली असेल, तर काम संपल्याबरोबर अर्ज करा.

हप्त्यांसाठी मॅडमनी कागदांची यादी दिली. अर्ज, दोघांचे मृत्यूचे दाखले, पीपीओची प्रत, रद्द केलेला धनादेश, आणि एक रुपयाच्या रसिदी तिकिटावर सही केलेली आगाऊ पावती. अडचण एकाच कागदाची होती. थकबाकीसाठी अण्णांनी आईचं नामनिर्देशन केलं होतं आणि आता आईही नव्हती. त्यामुळे वारस दाखला हवा, आणि दादाचं संमतीपत्र.

घरी आल्यावर मी अण्णांची लोखंडी पेटी उघडली. आई गेल्यावर ती तशीच बंद ठेवली होती, हात लावायचा धीर होत नव्हता. आत कापडात बांधलेल्या जमाखर्चाच्या वह्या. शेवटच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात मथळा: ‘येणे’. खाली पाच ओळी. पहिली, ‘७ वा आयोग, ४ हप्ते’. दुसरी, ‘वसाहत शाखा, बचत’. तिसरी, ‘पोस्ट, एनएससी २ नग’. चौथी, एका विमा पॉलिसीचा क्रमांक. पाचवी, एका कंपनीचं नाव आणि ‘शेअर ५०’. अण्णांनी आम्हाला सगळं सांगून ठेवलं होतं. आम्ही साडेतीन वर्षं ती वही उघडलीच नव्हती.

विमा लवकर निकालात निघाला. एलआयसीच्या संकेतस्थळावर पॉलिसी क्रमांक, नाव आणि जन्मतारीख टाकून न मागितलेली रक्कम तपासता येते. तिथं काही निघालं नाही, आणि शाखेत विचारल्यावर कळलं की ती पॉलिसी अण्णांनी २०११ मध्येच मोडली होती. ओळीवर काट मारायची राहिली असणार.

पोस्टाचंही सोपं गेलं. प्रत्येकी १०,००० रुपयांची दोन राष्ट्रीय बचत पत्रं, २०१० च्या सुरुवातीला घेतलेली, सहा वर्षांची. मूळ पत्रं पेटीत होती आणि दोन्हींवर नामनिर्देशित म्हणून माझं नाव होतं, माहेरच्या आडनावानं. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दोन साक्षीदार, आणि आडनाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र. २ डिसेंबरला अर्ज दिला, ९ जानेवारीला एकेका पत्राचे १६,०१० याप्रमाणे ३२,०२० रुपये माझ्या बचत खात्यात आले. नाव लिहून ठेवलेलं असलं की काम किती सरळ होतं ते इथं कळलं. नामनिर्देशन नसलं तरी पोस्टात पाच लाखांपर्यंतचे दावे, मृत्यूनंतर सहा महिने झाल्यावर, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांच्या हक्क सोडल्याच्या पत्रावर कोर्टात न जाता निकाली निघतात. ते फॉर्म पोस्टातच मिळतात.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या ओळीला, ‘वसाहत शाखा, बचत’.

अण्णा नव्वदीच्या दशकात एका धरणाच्या कामावर होते. तिथल्या कर्मचारी वसाहतीत एका बँकेची छोटी शाखा होती आणि पगार तिथं जमा व्हायचा. बदली झाल्यावर खातं तसंच राहिलं. पासबुकातली शेवटची नोंद जुलै २००९ ची. ती शाखा आता नाही, तिची खाती तालुक्याच्या शाखेत गेली आहेत, एवढं गावातून कळलं.

माझ्या मुलीनं मला ‘उद्गम’ दाखवलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ आहे, फुकट. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ज्या ठेवींना कुणी हात लावला नाही, त्या बँका रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त जमा करतात. ही योजना २०१४ पासून आहे. अशा ठेवी उद्गमवर नावानं शोधता येतात. मोबाइल क्रमांकानं नोंदणी करायची, ओटीपी टाकायचा, खातेदाराचं नाव लिहायचं, बँका निवडायच्या, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी किमान एक माहिती द्यायची.

१ डिसेंबरच्या रविवारी आम्ही दोघी बसलो. नाव आणि पॅन टाकलं, काही नाही. मग लक्षात आलं की खातं उघडलं तेव्हा अण्णांकडे पॅनच नव्हतं. बँकेच्या नोंदीत नसेल तर शोधात कुठून येणार? जन्मतारीख टाकली. त्या पिढीतल्या पुष्कळांसारखी अण्णांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून, गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठरवलेली. तरीही काही नाही. मग वेगवेगळ्या कागदांवर अण्णांचं नाव इंग्रजीत कसं लिहिलंय ते बघायला घेतलं. पीपीओवर एक, पॅनवर दुसरं, जुन्या पासबुकावर तिसरंच. कुठं शेवटी ‘ए’, कुठं नाही, कुठं आडनाव आधी. पासबुकावरचं जसंच्या तसं टाकलं आणि पडद्यावर एक ओळ आली. अण्णांचं नाव, त्या वसाहतीचा पत्ता, बँकेचं नाव आणि एक लांबलचक संदर्भ क्रमांक, ज्याला यूडीआरएन म्हणतात. रक्कम तिथं दिसली नाही. मुलगी त्या पत्त्याकडे बघत म्हणाली, “आजी-आजोबा इथं राहायचे?” तिनं ती वसाहत कधी पाहिलेली नाही.

नाव शोधताना घाई करू नका एवढंच सांगेन. जितकी स्पेलिंग सुचतील तितकी वापरून बघा. बँक निवडताना सगळ्याच निवडा, कारण जुन्या बँका आता दुसऱ्याच नावाखाली आहेत. देना आणि विजया बँक ऑफ बडोदामध्ये आहेत, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. आणि पतसंस्थेतली ठेव तिथं दिसणार नाही. पतसंस्था या बँका नव्हेत, त्यांचा या निधीशी संबंध नाही. पावती घेऊन थेट संस्थेतच जावं लागतं. उद्गमवर सुरुवातीला सात बँका होत्या, मार्च २०२४ पर्यंत तीस झाल्या. छोट्या सहकारी बँकेत खातं असेल तर तिच्या शाखेतच विचारा.

९ डिसेंबरला तो क्रमांक घेऊन तालुक्याच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यानं संगणकात पाहून सांगितलं, “असं खातं आमच्याकडे नाही.” यूडीआरएन दाखवला तर म्हणाला, हे काय असतं ते मला माहीत नाही. २३ डिसेंबरला दुसऱ्या फेरीत व्यवस्थापक रजेवर. जानेवारीत तिसऱ्यांदा गेले तेव्हा पुन्हा पहिलंच उत्तर. मला राग आला, पण त्याहून जास्त थकवा आला. प्रत्येक फेरी म्हणजे माझा अख्खा दिवस.

त्या रात्री शांतपणे एक अर्ज लिहिला. खातेदाराचं नाव, जुना खाते क्रमांक, यूडीआरएन, शेवटच्या नोंदीचं वर्ष, मागच्या तीन भेटींच्या तारखा. शेवटी एक वाक्य: तीस दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करावी लागेल. १३ जानेवारीला अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतली. नऊ दिवसांनी बँकेच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. बाईंनी नीट चौकशी केली आणि सांगितलं की खातं ऑगस्ट २०१९ मध्ये निधीकडे वर्ग झालंय, त्या वेळची शिल्लक ६१,२४० रुपये. शाखेच्या नेहमीच्या पडद्यावर ते दिसत नव्हतं, वेगळ्या यादीत होतं. तोंडी चौकशीच्या तीन फेऱ्यांनी जे झालं नाही ते एका पोचपावतीनं झालं. आधीच लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

पैसे निधीत गेले म्हणजे सरकारनं घेतले असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटलं होतं. तसं नाही. दावा कधीही करता येतो, त्याला मुदत नाही. दावा मंजूर झाला की बँक आपल्याला पैसे देते आणि मग रिझर्व्ह बँकेकडून ते परत मागून घेते. व्याज देणारं खातं असेल तर निधीत असलेल्या काळाचं सरळ व्याजही मिळतं: ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, तिथून १० मे २०२१ पर्यंत साडेतीन, त्यानंतर ३ टक्के. आपला हिशेब आधी करून ठेवावा म्हणजे रक्कम पडताळता येते.

इकडे वारस दाखला. आमच्या वकिलांनी फरक समजावला तो उपयोगी आहे. १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय वारस कोण ते ठरवून दाखला देतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं. ते ठरावीक येणी वसूल करण्याचा अधिकार देतं आणि त्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी पडते. आमची रक्कम लहान असल्यामुळे कोषागाराला पहिला दाखला पुरणार होता, आणि बँकेचं हमीपत्रावर भागणार होतं. दोन्हीकडे आधी विचारून मगच अर्ज करा, नाहीतर फुकटचा खर्च होतो.

अर्ज १० डिसेंबरला दाखल झाला. त्यात वकिलांनी अण्णांच्या नावाची तिन्ही रूपं ‘उर्फ’ लावून घातली. हे त्यांनी आपणहून केलं आणि त्यामुळे पुढे दोन ठिकाणचे खुलासे वाचले. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी मुदत, मग माझा जबाब. दादाचं संमतीपत्र मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन कुरिअरनं यायला जानेवारी संपला. मधल्या दोन तारखांना नुसतं बसून परत आले. २४ मार्च २०२५ ला दाखला हातात पडला. वकिलांची फी, नोटीस आणि तिकिटं धरून साडेनऊ हजार लागले. साक्षांकित प्रती चार मागून घेतल्या. एक घेतली असती तर पुन्हा अर्ज करावा लागला असता.

२७ मार्चला उत्साहानं कोषागार गाठलं आणि ते चुकलं. मार्चअखेर होता. साऱ्या जिल्ह्याची बिलं त्या चार दिवसांत तिथून जातात. जिन्यावरही फायली घेतलेली माणसं उभी होती. मॅडमनी मान वर करून मला ओळखलं, हसल्या आणि म्हणाल्या, “ताई, पंधरा एप्रिलनंतर या, नीट बघते.” २० मार्च ते १० एप्रिल या काळात कोषागाराकडे जाऊ नका. दुसऱ्या दिवशी बँकेत मात्र दाव्याचे कागद घेतले. हमीपत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक लागला. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे १०० चे मुद्रांक चालत नाहीत. पण सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. कोषागारासाठीचं माझं प्रतिज्ञापत्र टंकलेखकानं ५०० च्या मुद्रांकावर करायला सांगितलं होतं. वकिलांना फोन केला म्हणून ते पैसे वाचले.

याच सुमारास मला एक फोन आला. “तुमच्या वडिलांचे पैसे अडकलेत, आम्ही काढून देतो, वीस टक्के.” त्याला माहिती कुठून मिळाली कोण जाणे. मी नको म्हटलं. उद्गम, बँकेचा दावा, पोस्ट, कोषागार, यातल्या एकाही ठिकाणी माझ्याकडून कुणी वर पैसे मागितले नाहीत. ओटीपी किंवा आधारची प्रत अशा माणसाला चुकूनही देऊ नका.

१६ एप्रिलला कोषागारात प्रकरण दाखल झालं. आवक क्रमांक लिहून घेतला, पुढची सगळी चौकशी त्याच्यावरच चालते. ५ मेला त्रुटी निघाली: २०२१ नंतर अण्णांच्या पेन्शन खात्यात हे हप्ते जमा झाले नाहीत असं बँकेचं पत्र हवं. पीपीओवरच्या खात्याची ही बँक वेगळी, आईचीच. आणि तिथं तोच मुलगा होता ज्यानं नोव्हेंबरमध्ये फोन केला होता. त्यानं खात्याचा उतारा काढून, शिक्का मारून, अर्ध्या तासात पत्र दिलं. म्हणाला, “आजी सहीला यायच्या तेव्हा माझ्यासाठी लाडू आणायच्या.” मला हे माहीत नव्हतं.

१५ मेला वसाहत शाखेतल्या खात्याचे व्याजासह ७२ हजारांच्या थोडे वर रुपये आले. माझा हिशेब बँकेच्या हिशेबाशी जुळला. आणि १२ जूनला, गुरुवारी, दुपारी जेवताना मोबाइल वाजला. ८०,६४० रुपये जमा. कोषागाराचं नाव होतं. दादाला लगेच फोन लावला. तो कामावर होता, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “दुसरा हप्ता आला म्हणायचा अण्णांचा.”

सगळ्याचे दोन भाग केले. एकूण खर्च, प्रवास आणि मुद्रांक धरून, चौदा हजारांच्या आसपास झाला. आईच्या आणि अण्णांच्या नावानं काय करायचं ते दादा दिवाळीला आला की ठरवू. जुलैमध्ये मी माझ्या सगळ्या खात्यांची नामनिर्देशनं तपासली. दोन ठिकाणी अजून आईचं नाव होतं.

अण्णांच्या पानावरची पाचवी ओळ अजून उरली आहे. ते पन्नास शेअर, लाभांश सलग सात वर्षं न उचलल्यामुळे, गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेत. त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि त्याची छापील प्रत, हमीपत्र, मूळ शेअर प्रमाणपत्रं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. शेअर परत येतात ते डिमॅट खात्यात, म्हणून आधी ते उघडलं. वारस दाखल्याची चौथी प्रत त्याच्यासाठीच राखून ठेवली होती. पाकीट बांधून तयार आहे, उद्या सकाळी पोस्ट उघडलं की रजिस्टर करून येते.